वाचक विचारतात: पर्शियनचं नाक किती बसकं असावं?

प्रश्न : पर्शियन मांजराचं पिल्लू घ्यायचं आहे. एक विक्रेता म्हणतो, ‘पंच फेस’ (सपाट चेहऱ्याचं) तेच अस्सल. दुसऱ्याकडे ‘डॉल फेस’ (नाक दिसणारं) पिल्लू निम्म्या किमतीत आहे. ते संकरित असतं का? – गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नाक दिसतं म्हणून संकरित, असं नाही. उलट तीच पर्शियनची जुनी ठेवण. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं गाजलेलं प्रदर्शन भरलं, त्या काळच्या पर्शियनांना चांगलं नाक होतं. आजचा सपाट चेहरा पुढे प्रदर्शनांच्या हौसेपायी पिढ्यान् पिढ्या निवडून आणलेला आहे. अस्सलपणा वंशावळीच्या कागदावर ठरतो. कागद नसेल तर तुम्ही नुसत्या नाकाचे जास्त पैसे मोजताय.

अंगकाठी मात्र बघा. ठेंगणा, भरलेला बांधा, रुंद छाती, आखूड जाड पाय, छोटे गोलसर टोकाचे आणि एकमेकांपासून लांब बसलेले कान, मोठे गोल डोळे, आखूड झुबकेदार शेपूट. पाय लांब आणि कान मोठे टोकदार असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

चेहरा बाजूने पाहा. नाकाचा वरचा काठ खालच्या पापणीच्या रेषेपेक्षा वर गेलेला नसावा. मग समोरून : नाकपुड्या उघड्या हव्यात, नुसती चीर दिसली तर ते पिल्लू सोडा. पाच मिनिटं दोरीमागे पळवा. तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर पुढची बोलणी नकोत. कुत्रं धापा टाकतं ते ठीक, मांजराने टाकणं हे दुखण्याचं लक्षण. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो तेव्हा अशा मांजरांचे हाल होतात. शिवाय अश्रुनलिका मुरडल्याने डोळे सतत पाझरतात आणि लहान जबड्यात दात वेडेवाकडे येतात.

आई-बापाचा पीकेडीचा अहवालही मागा. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात आणि तो पर्शियनांत बराच आढळतो. दोघांपैकी एकात दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते. आणि बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका, विक्रेता कितीही घाई करो.

प्रश्न : आमची पर्शियन भाटी (मादी मांजर) वर्षाची आहे. मांडीवर बसत नाही, दिवसभर लोळते. गणपतीत ढोल वाजले की पलंगाखाली जाते. बिनसलंय का काही? – पंचवटी, नाशिक

उत्तर : स्वभावच तो. पर्शियन हातभर अंतरावर बसून सोबत करते, उचललेलं सगळ्यांनाच आवडत नाही. आवाज बारीक, उंच उड्यांची हौस कमी, दिवसाचे बारा ते सोळा तास झोप. मिरवणुकीच्या दिवशी आतल्या खोलीत एक खोकं आडवं ठेवा, त्यात तिचीच जुनी चादर घाला आणि पलंगाखालून ओढून काढू नका.

शांत आणि आजारी यातला फरक ताटलीत दिसतो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे न्या. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते आणि प्रकरण जिवावर बेततं. शी-शूच्या ट्रेमध्ये बसून जोर लावते पण लघवी होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

प्रश्न : आमच्या पर्शियनच्या काखेत आणि पोटाखाली जटा झाल्या आहेत. उन्हाळ्याआधी सगळे केस उतरवून टाकावेत का? – इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी कात्री बाजूला ठेवा. गाठीबरोबर पातळ कातडी वर ओढली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. टाके घालायला येणाऱ्या मांजरांत हा प्रकार नेहमीचा. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, मुळाशी दोन बोटांनी घट्ट धरा आणि धातूच्या विरळ दातांच्या कंगव्याने टोकापासून मुळाकडे थोडं थोडं सोडवत या. सुटत नसेल तर तेवढाच भाग मशीनने काढून घ्या. गुंता सुटल्यावरच अंघोळ. ओल्या जटा फेल्टसारख्या घट्ट होतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे, पण आतली लव पूर्ण सुकवा. पावसाळ्यात ती दमट राहिली की बुरशी धरते आणि हा नायटा घरातल्या पोरांनाही होतो.

सगळं अंग भादरायची गरज नाही. शेपटीखालचे आणि पोटाचे केस बारीक करा. दुपारी शहाबादी फरशीची खोली मोकळी ठेवा, ती स्वतःच पसरून झोपेल. रोज दहा मिनिटं कंगवा फिरवण्याला मात्र पर्याय नाही.

प्रश्न : हिमालयन पिल्लू घेतलं तेव्हा जवळजवळ पांढरं होतं. आता कान, नाक, पाय काळपट होत आहेत. फसवलं का आम्हाला? – निफाड

उत्तर : नाही. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून ही जात घडवली, आणि सयामीचा रंग तापमानावर चालतो : अंगाचा जो भाग थंड, तिथेच गडद रंग तयार होतो. आईच्या पोटातल्या उबेत सगळं पिल्लू फिकट राहतं, बाहेर आल्यावर टोकं रंगू लागतात. निफाडची थंडी तर जिल्ह्यात प्रसिद्ध, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत रंग आणखी गडद झालेला दिसला तर नवल नाही. डोळे निळे आहेत ना, तेवढं पाहा.