बडोद्यात राहून केदारकंठा या उत्तराखंडातल्या हिमालयीन शिखराच्या ट्रेकची तयारी १२ आठवड्यांत होईल का?

होईल. कॅन्सर संशोधनासाठी देणग्या गोळा करायला तुम्ही हा ट्रेक करताय, म्हणजे देणगीदारांचं लक्ष तुमच्याकडे असणार. तयारी नेटानेच करा.

बडोदं सपाट, त्यामुळे जिने हाच आपला डोंगर. पहिले ४ आठवडे आठवड्यातून ३ दिवस, पाठीवर ३ किलो घेऊन, ४० मिनिटं चढ-उतार. लिफ्टने खाली येऊ नका! मांड्या भरून येतात त्या उतरताना, आणि बहुतेकांचे गुडघे बोलायला लागतात ते परतीच्याच वाटेवर. पुढे दर आठवड्याला किलोभर वाढवत ८ किलोवर थांबा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघा दुखला तर पाणी ओतून सॅक तिथेच हलकी करता येते.

पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी बडोद्याजवळचा पावागड डोंगर चढा. रोपवे नको. पहाटे निघा, उन्हाआधी खाली या. बूट तेच घाला जे हिमालयात नेणार. उतरताना अंगठा पुढे टेकत असेल तर बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर नख काळं पडतं.

विरळ हवेची सवय मात्र इथे होत नाही. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका. डोकं दुखून मळमळलं तर चढणं बंद. वाढलं तर लगेच खाली.

शेवटचे ८-१० दिवस व्यायाम निम्म्यावर आणा. आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यातच जाऊ द्या, तुमचा ट्रेकचा खर्च त्यात मिसळू नका.