एचआयव्ही निघाल्यावर शस्त्रक्रिया नाकारली. तक्रार केल्यास नशेचा गुन्हा लागेल का?

तुमचा प्रश्न असा: धाकटा भाऊ सुईने ब्राउन शुगर (हेरॉइनचाच एक प्रकार) घेत होता. हातावरचं गळू कापायला त्याला खासगी रुग्णालयात नेलं. तिथे न विचारता रक्त तपासलं, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही निघाले, शस्त्रक्रिया नाकारली आणि निदान वॉर्डात सर्वांसमोर सांगितलं.

आधी गळू. ताप चढत असेल तर तक्रारीच्या निकालाची वाट पाहू नका, दुसरीकडे न्या.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 इथे तीनदा मोडला गेला आहे: कलम 3 (उपचार नाकारणे), कलम 5 (संमतीविना चाचणी) आणि कलम 8 (गोपनीयता). तक्रार राज्याच्या ओम्बड्समनकडे (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) करा. ती कोणीही करू शकतं, तरी भावाची लेखी संमती घ्या, कारण माहिती त्याची आहे. आदेश 30 दिवसांत द्यायचा असतो, वैद्यकीय आणीबाणीत शक्यतो 24 तासांत. आदेश न पाळल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, शिवाय उल्लंघन चालू राहिल्यास रोज 5,000 रुपयांपर्यंत.

त्याआधी भावाच्या सहीने केस पेपर, संमतीपत्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात. पोच घ्या. मागची तारीख घातलेल्या संमतीपत्रावर सही मात्र करू देऊ नका. अशा तक्रारी बहुतेकदा ढिसाळ मजकुरामुळे पडतात. ‘वाईट वागणूक दिली’ असं लिहिलं की ‘शस्त्रक्रियागृह रिकामं नव्हतं’ असं उत्तर येतं. म्हणून कोण, किती वाजता, नेमकं काय बोललं ते लिहा.

आता पोलिसांची धास्ती. संसर्ग कसा झाला हे तक्रारीत लिहायची गरजच नाही, लिहू नका. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 27 खाली हेरॉइन सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण भाऊ स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर कलम 64अ खटल्यापासून संरक्षण देतं. ते सेवनाला आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांना (हेरॉइनसाठी 5 ग्रॅमपर्यंत) लागू होतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. निर्जंतुक सुया देणं-घेणं 2017 च्या कायद्याच्या कलम 22 मुळे गुन्हा नाही. अमली पदार्थ जवळ बाळगण्याला मात्र त्याने सूट मिळत नाही.

हिपॅटायटिस सी या कायद्यात येत नाही. त्याबद्दलच्या तक्रारीसाठी, पैसे भरून सेवा घेतलेली असल्याने, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. अहवालात फक्त अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह असेल तर आरएनए चाचणी (रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणारी) करून घ्या. आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी राहतात, आणि सध्याचा संसर्ग आरएनएवरूनच ठरतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात चाचणी आणि औषधं मोफत आहेत. बहुतेकांना 12 आठवडे पुरतात.