थायरॉइडची शस्त्रक्रिया आणि परावटू ग्रंथींची राखण

प्रश्न : माझ्या पत्नीच्या थायरॉइडमध्ये दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी झाल्या असून ती संपूर्ण काढावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. संमतीपत्रात ‘कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या ग्रंथींना इजा होऊ शकते’ असे एक वाक्य आहे आणि ते वाचल्यापासून ती घाबरली आहे. थायरॉइड काढताना दुसऱ्याच ग्रंथींना धोका का असतो? त्या वाचवण्यासाठी नेमके काय करतात?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्या ग्रंथींचा उल्लेख आपण वाचलात त्यांना परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. बहुतेक माणसांत त्या चार असतात, थायरॉइडच्या मागच्या अंगाला दोन वर आणि दोन खाली. एकेकीचा आकार साधारण तांदळाच्या दाण्याएवढा आणि वजन ३० ते ५० मिलिग्रॅम असते. रंग पिवळसर तपकिरी असल्यामुळे शेजारच्या चरबीच्या कणांतून किंवा लसिका गाठींतून त्या ओळखणे अनुभवी नजरेलाही कधीकधी अवघड जाते. त्यांतून स्रवणारे संप्रेरक रक्तातील कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात टिकवून ठेवते, आणि स्नायू व मज्जातंतू यांचे काम त्यावरच अवलंबून असते.

वरच्या दोन ग्रंथींची जागा बऱ्यापैकी ठरलेली असते. खालच्या दोघींचे तसे नाही. गर्भावस्थेत त्या थायमस ग्रंथीबरोबर मानेतून खाली उतरतात आणि वाटेत कुठेही थांबू शकतात, त्यामुळे क्वचित त्या छातीच्या वरच्या भागात किंवा थायरॉइडच्या आतही सापडतात.

परंतु ग्रंथी दिसली आणि जागेवर राहिली म्हणजे ती वाचली, असे होत नाही. संमतीपत्रातील त्या वाक्याचा खरा अर्थ इथे आहे. प्रत्येक परावटू ग्रंथीला रक्त पुरवणारी धमनी केसासारखी बारीक असते, बहुधा एकच असते, आणि ती मुख्यतः थायरॉइडला रक्त देणाऱ्या खालच्या धमनीच्या फांद्यांतून निघते. शल्यचिकित्सकाने ती मोठी धमनी मुळाशीच बांधली, तर थायरॉइड रक्तस्राव न होता निघते. पण परावटू ग्रंथी जागेवर राहूनही उपाशी मरतात. म्हणून थायरॉइडच्या आवरणाला अगदी लागून काम करायचे, धमनीचे खोड न बांधता थायरॉइडमध्ये शिरणाऱ्या शेवटच्या फांद्या एकेक करून बांधायच्या आणि परावटू ग्रंथी तिच्या रक्तवाहिनीसह हलकेच मागे सारायची, ही पद्धत रूढ झाली. अमेरिकी शल्यचिकित्सक हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी १९०७ मध्ये या रक्तपुरवठ्याचा अभ्यास मांडला, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. रक्तवाहिन्या उष्णतेने बंद करणारी आजची उपकरणे सोयीची आहेत, पण त्यांची धग आसपास पसरते. त्यामुळे परावटू ग्रंथीजवळ ती वापरताना अंतर राखावे लागते किंवा तिथे साधा दोराच वापरावा लागतो.

हे शहाणपण फार किंमत मोजून आले आहे. या ग्रंथींची पहिली नोंद माणसात झालीच नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या आढळल्या. माणसातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले, पण या ग्रंथी शरीरात काय काम करतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच सुमारास व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांच्या काही रुग्णांना थायरॉइड काढल्यावर हातापायांचे तीव्र आचके येत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे शल्यचिकित्सक कोखर यांच्या रुग्णांना मात्र ते क्वचितच येत. त्यांच्यात थायरॉइडच्या अभावाने येणारी सूज आणि मंदपणा दिसे. दोघांचेही काम पाहिलेल्या हॉल्स्टेड यांनी या फरकाचे कारण हातांच्या पद्धतीत शोधले. कोखर सावकाश, रक्त न सांडता आणि आवरणाला धरून काम करीत, म्हणून थायरॉइड पूर्ण निघे आणि परावटू ग्रंथी वाचत. कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी मॅककॅलम व फोएग्टलिन या संशोधकांनी हे आचके कॅल्शियम दिल्याने थांबतात, हे दाखवून दिले.

एखाद्या ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटलाच, तर ती टाकून देत नाहीत. तिचे मिलिमीटरभर आकाराचे तुकडे करून मानेच्याच स्नायूत लहान कप्पे करून त्यांत बसवतात. काही आठवड्यांत तिथे नव्या रक्तवाहिन्या धरतात आणि ग्रंथी पुन्हा काम करू लागते. शस्त्रक्रिया कर्करोगासाठी असेल, तर तो तुकडा खरोखर परावटू ग्रंथीचाच आहे याची खात्री आधी सूक्ष्मदर्शकाखाली करून घ्यावी लागते. काढलेली थायरॉइड तपासणीला पाठवण्यापूर्वी तिच्या पाठीवर एखादी परावटू ग्रंथी चिकटून गेली नाही ना, हेही पाहतात. हे काम मिनिटाभराचे आहे, पण ते चुकवू नये.

आपण कदाचित विशिष्ट कॅमेऱ्याबद्दलही ऐकले असेल. अवरक्ताजवळचा प्रकाश टाकला की परावटू ग्रंथी थायरॉइडपेक्षा अधिक चमकतात, आणि यावर आधारलेल्या उपकरणांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे ग्रंथी ओळखायला मदत होते. मात्र रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही तशीच चमकते, म्हणून ती जिवंत आहे की नाही हे त्या चमकेवरून कळत नाही. त्यासाठी इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन रक्तप्रवाह पाहतात. ही साधने उपयुक्त आहेत, पण आपल्या रुग्णालयात ती नाहीत म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे मला वाटत नाही. या शस्त्रक्रिया नियमितपणे करणारा हात शोधणे अधिक महत्त्वाचे आहे. वर्षाला आपण अशा किती शस्त्रक्रिया करता, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते आणि ती आधी भरून काढली तर नंतरचे दिवस सोपे जातात.

पूर्ण थायरॉइड काढल्यानंतर साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला, काही ठिकाणी तिघांपैकी एकाला, काही काळ कॅल्शियमची कमतरता भासते. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. कायमची कमतरता अनुभवी हातांत शेकडा एक ते तीन जणांनाच होते. पत्नीला हे दोन्ही आकडे वेगवेगळे करून सांगा.

प्रश्न : थायरॉइड काढल्यावर दुसऱ्या दिवशी घरी सोडले. तिसऱ्या रात्री ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, पण अशक्तपणा असेल म्हणून मी सकाळपर्यंत थांबले. आता कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. त्या किती दिवस घ्यायच्या, आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या तर चालतील का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : पुन्हा असे झाले तर कृपया सकाळची वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास कॅल्शियम सर्वांत खाली जाते, आणि ओठांभोवतीच्या मुंग्या ही त्याची पहिली खूण असते. बोटे आखडून हात वळू लागला, घसा आवळल्यासारखे वाटले किंवा छातीत धडधडले, तर तातडीने रुग्णालयात जाऊन शिरेतून कॅल्शियम घ्यावे लागते.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी, कारण एकत्र घेतल्यास थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घेतात. पोटातील आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी कॅल्शियम सायट्रेट अधिक योग्य ठरते. सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, दिले असेल, तर तेही सोडू नका, कारण परावटू संप्रेरकाशिवाय मूत्रपिंडे ते पुरेसे बनवू शकत नाहीत. गोळ्या किती दिवस, हे रक्तातील कॅल्शियम आणि परावटू संप्रेरकाच्या तपासणीवरूनच ठरते. बरे वाटले म्हणून त्या एकदम बंद करू नका आणि भीतीपोटी वाढवूही नका. दीर्घकाळ जास्त कॅल्शियम घेतल्याने मूत्रपिंडांत खडे होतात.

प्रश्न : माझी थायरॉइडची एकच बाजू काढली. दुसरी बाजू पुढे काढावी लागू शकते, असे म्हणतात. परावटू ग्रंथींची चिंता आता करावी का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : सध्या नको, दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथींना हातच लागलेला नाही आणि त्या बहुधा पुरेशा ठरतात. मात्र पुढे ती बाजू काढायची वेळ आली, तर पहिल्या वेळी किती परावटू ग्रंथी दिसल्या, किती जागेवर राहिल्या आणि एखादी स्नायूत बसवली का, हे नव्या शल्यचिकित्सकाला कळायलाच हवे. ही माहिती घरी सोडतानाच्या एकपानी कागदावर सहसा नसते. रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेच्या सविस्तर टिपणाची प्रत आजच मागून घ्या आणि ती आपल्या फाइलमध्ये लावून ठेवा.