आईचा ताण मोजायचाय? आधी मोजपट्टी तपास

अमळनेरच्या एका विद्यार्थिनीने लिहिलंय: 'मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रात्री अकरापर्यंत मोबाईलवर माहिती भरत बसते. निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्याची तुलना करणारं संशोधन मला करायचंय. मामा म्हणतात, गुपचूप बी.एड. कर. यात करिअर आहे का?'

आहे, पण या नावाची नोकरी जळगाव-धुळ्यात शोधू नकोस, मिळणार नाही. एम.ए., नेट परीक्षा, मग पीएच.डी. हा रस्ता लांबचा आहे. पुढे विद्यापीठं, संशोधन संस्था, शिक्षणात काम करणाऱ्या संस्था. घरच्यांना हे आत्ताच सांगून टाक.

आता तुझ्या विषयाकडे. ओईसीडी या पॅरिसमधल्या, प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेचं 'टॅलिस' हे शिक्षकांचं सर्वेक्षण तुला वाचावंच लागेल. २०१८ च्या फेरीत ४८ देश-प्रदेश होते, भारत नव्हता. माध्यमिक शिक्षकांना कामाचा 'खूप' ताण आहे का, असं विचारलं. इंग्लंडमध्ये ३८ टक्के हो म्हणाले, ओईसीडी देशांची सरासरी होती १८. जपानी शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला. आपल्या पेशाला समाजात मान आहे, असं व्हिएतनाममध्ये दहातले नऊ म्हणाले, फ्रान्समध्ये शंभरातले सातच. आणि कागदी कामाचा जाच सरासरी निम्म्या शिक्षकांनी सांगितला, म्हणजे तुझी आई एकटी नाही. (आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. मोबाईलवरच्या माहितीचं त्यात काही नाही!)

पण यावरून इंग्लंडचे शिक्षक जास्त दुःखी, असं लिहिलंस तर मी गुण कापेन. आपल्याकडे बाईंना 'कसं चाललंय?' विचारलं तर 'बरं शे' म्हणतील, डोकं उठलेलं असलं तरी. 'खूप' म्हणजे किती, हे प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक समाजात वेगळं. एकाच प्रश्नाचा अर्थ दोन ठिकाणी एकच लागतो का, हे तपासायची संख्याशास्त्रीय तंत्रं आहेत. खरं कौशल्य तेच. म्हणून एम.ए. करताना मानसमापन (मनातल्या गोष्टी मोजायचं शास्त्र) आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, टॅलिसची आकडेवारीही. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांना मराठीत शिकवणाऱ्या गुरुजींचा ताण कुठल्या रकान्यात बसेल, हा प्रश्न पॅरिसमध्ये बसलेल्याला सुचणार नाही. तुला सुचेल.

मामांचं बी.एड. मी मोडीत काढत नाही. वर्गात दोन वर्षं उभं राहिलेल्या संशोधकाचे प्रश्न वेगळे असतात. फक्त ते एम.ए.नंतर.

या सुट्टीत एवढं कर. टॅलिसच्या प्रश्नावलीतले ताणाचे प्रश्न मराठीत आण. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या मैत्रिणीकडून ते परत इंग्रजीत करून घे आणि दोन्ही शेजारी ठेव. मग आईला भरायला दे. 'हे म्हणजे काय गं?' असं ती ज्या प्रश्नाला विचारेल, तो लिहून ठेव आणि ते पान मला पाठव.