‘अद्भुत’मधला भु ऱ्हस्वच

पुतणीची मुलगी इथंच सोलापुरात नववीला आहे. इंग्रजीतली, तिच्या वयाच्या मुलांसाठीची एक भयकथा तिनं दोन रात्री जागून संपवली. वसतिगृहातली मुलगी नाहीशी होते, रिकाम्या जिन्यावर पावलं वाजतात, आणि भूत खरंच होतं की सांगणारीच्या मनाचे खेळ, ते शेवटच्या पानावरही ठरत नाही. मराठीच्या वहीत तिनं परीक्षण लिहिलं: ‘अद्भुत कादंबरी’. बाईंनी लाल पेनानं भु दीर्घ केला आणि समासात लिहिलं, ‘भूत, म्हणून अद्भूत’. पोरीचे प्रश्न दोन. अद्भुतमध्ये भूत आहे का? आणि अशा पुस्तकाला अद्भुत म्हणायचं, गूढ म्हणायचं, की रहस्यकथा?

पहिलं आधी, कारण हा दीर्घ भू मला कित्येक वर्षं छळतोय. नवी पेठेत चादरींच्या सेलची पाटी ‘अद्भूत’. शेंगाचटणीच्या पाकिटावर ‘अद्भूत चव’. (चटणीत विस्मय कसला? शेंगा, तिखट, लसूण, जिरं, मीठ आणि कुटणारीचा दंड.) गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लहानपणी पाहिलेल्या नागकन्येच्या तंबूवरही दीर्घच होता. धड नागाचं, मुंडकं मुलीचं, आणि नाकावर माशी बसली की मुंडकं फुंकर मारायचं.

उद्भूत, प्रभूत, अनुभूत हे सगळे दीर्घ, आणि बरोबर, कारण त्यांत सरळ ‘भूत’ आहे, म्हणजे ‘झालेलं’. आपला भूतकाळ तोच, आणि पिंपळावरचा तोही तोच: होऊन गेलेला. अद्भुतचं तसं नाही. संस्कृत व्याकरणात शब्दांची घडण सांगणारी उणादिसूत्रं आहेत, त्यांतलं एक: ‘अदि भुवो डुतच्’. ‘अद्’ आधी असताना भू धातूला ‘डुतच्’ प्रत्यय. त्यातल्या ड्‌मुळे भूचा ऊ गळतो, उरतो भ्, त्याला ‘उत’ लागतो. झालं भुत. धातू एकच, पण भूत नव्हे. तत्सम शब्द, तेव्हा मराठीतही ऱ्हस्वच.

काही पाश्चात्य पंडितांना हेही मान्य नाही. त्यांनी शब्दाची नाळ ‘दभ्’, म्हणजे फसवणे, या धातूशी जोडली: अद्भुत म्हणजे ज्याला फसवता येत नाही ते. ध्वनींचा हिशेब चोख जुळत असेल, पण चव? मला यास्क पुरतो, वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता. निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात गोष्ट येते. अगस्त्यानं इंद्रासाठी यज्ञातला हविर्भाग काढून ठेवला आणि मरुतांना द्यायला निघाला. इंद्र आला नि रडगाणं गाऊ लागला, ‘न नूनमस्ति नो श्वः कस्तद्वेद यदद्भुतम्’. आज नाही, उद्याही नाही; जे अद्भुत, ते कुणाला ठाऊक? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली ही ऋचा. यास्क म्हणतो, इथं अद्भुत म्हणजे अभूत, अजून न झालेलं. आणि ज्याला आपण एरवी अद्भुत म्हणतो ते? ‘अभूतमिव’. जणू न झालेलं!

सगळी गंमत त्या ‘इव’मध्ये आहे. झालं तर आहे, डोळ्यांनी पाहिलंय, पण झालंच नसावं असं वाटतं. त्स्वेतान तोदोरोव या समीक्षकानं 1970मध्ये अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की खरं की भास या दोलायमान अवस्थेतच अशा कथेचा प्राण असतो. यास्कानं ते दोन अक्षरांत उरकलं होतं. माझ्या या म्हणण्यावर एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी ‘ओढाताण’ असा शेरा मारला. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही भुताची गोष्ट वाचलेली नाही, त्यांचं काय घ्यायचं?

बाकी भुताचीच हौस असेल तर आपल्या गावात शब्दांना तोटा नाही. पूर्व भागात तेलुगू घरातली आजी पोराला ‘दय्यम’ येईल म्हणून दटावते, कानडी घरातली ‘देव्व’ येईल म्हणून. दय्यम आला दैवापासून, देव्वही त्याच घराण्यातला. देव्हाऱ्यातला शब्द पिंपळावर जाऊन बसला.

हां, पोरीचा दुसरा प्रश्न. रहस्य शेवटी उकलावं लागतं, हिच्या पुस्तकात ते उकलत नाही. गूढ शब्द ‘गुह्’पासून, गुहेचाच सख्खा भाऊ. गूढ म्हणजे लपवलेलं, म्हणजे काहीतरी आहे हे गृहीत धरलंच की! हिच्या जिन्यावर कोणी होतं का, हेच तर ठरत नाही. तेव्हा पोरीचा शब्द अचूक, ऱ्हस्व ‘भु’सकट. बाईंना उद्भूत आणि अद्भुत शेजारी लिहून दाखव म्हटलं. यास्काचं नाव मात्र घेऊ नकोस, सहामाहीचे पेपर अजून तपासायचे राहिलेत.