रेशो ‘वाढवायचा’ की ‘लो करायचा’?

खानापूरहून एक प्रश्न आला आहे. ‘फोर बाय फोर गाडीला २३५/७० आर१६ काढून ३३ इंची टायर बसवले. जांबोटीच्या चिखलात गाडी छान चालते, पण चोर्ला घाटात ओढतच नाही. बेळगावचे मिस्त्री म्हणतात रेशो वाढवून घ्या, पुण्याचा भाऊ म्हणतो लो करून घे. बरोबर कोण? आणि याला मराठीत नीट शब्द कोणता?’

दोघंही एकच काम सांगताहेत. मिस्त्री आकड्याबद्दल बोलतात आणि भाऊ गिअरबद्दल, एवढाच फरक.

घाट चढताना ‘खालच्या गिअरवर घे’ असं आपण सहज म्हणतो. तो खालचा गिअर म्हणजे पहिला, दुसरा. पण रेशो म्हणजे बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला आतला शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा. गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स सोडला तर सगळ्यात मोठा रेशो पहिल्याच गिअरचा असतो, आणि टॉपकडे जाल तसा आकडा उतरत जातो. म्हणजे गिअर खाली तर आकडा वर. मागच्या हौसिंगमध्येही, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या लोखंडी खोक्यातही, हेच घडतं. ३.७३ चं ४.२७ केलं की आकडा वाढला आणि गिअर खाली आला. म्हणून ‘वाढवा’ आणि ‘लो करा’ ही दोन्ही बोलणी एकाच पान्याने होतात.

तरी ‘लो करून घे’ हे बोलणं मी टाळायला सांगेन. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसलाही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या खोक्यालाही, ‘लो’ असतो. ऐकणारा माणूस फोर-लोचा (चारही चाकं हळू पण जोराने फिरवणारा) लिव्हर समजला, तर बोलणं भलतीकडेच जातं. ‘गिअर बदलून घे’चीही तीच गत, कारण गिअर आपण दिवसाला शंभरदा बदलतो.

आता मराठी शब्दाचं. आपल्याकडे बैलगाडीमुळे आख, आस, कणा, तुंबा, आरे, धाव असे सगळे शब्द आहेत. आख हा संस्कृत ‘अक्ष’चाच. शेजारच्या कन्नडात आसाला ‘अच्चु’ म्हणतात, पण अच्चु म्हणजे साचाही. बेळगावसारख्या फाउंड्र्यांच्या गावात तो शब्द जपून वापरावा. मग ‘आसाचं गिअरिंग’ का म्हणू नये? बैलगाडीचा आख जागेवर स्थिर असतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. मोटारीत उलट आहे: इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पिनियनवर, म्हणजे लहान दातेरी चाकावर येते, पिनियन क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, आणि क्राउन डिफ्रेन्शिअलमधून (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जुळणीतून) दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट फिरवतो. बैलगाडीत या रचनेची गरजच नव्हती, म्हणून तिचा शब्दही घडला नाही. शिवाय गॅरेजमध्ये ‘एक्सल गेला’ म्हणजे एक्सल शाफ्ट तुटला, आणि तो पूर्ण लोखंडी खोका म्हणजे हौसिंग. म्हणून ‘एक्सलचा गिअर’ हेही नको. ‘क्राउन-पिनियनचा रेशो’ म्हणा. रोजच्या वापरातलं आहे आणि चुकत नाही.

रेशो म्हणजे दात्यांचा भागाकार. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील, तर ३.७३. ४७ आणि ११ असतील, तर ४.२७. जुन्या सिव्हिलियन विलीज जीपचा ५.३८ म्हणजे ४३ भागिले ८.

तुमच्या टायरचं गणित करू. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, तिचे ७० टक्के म्हणजे बाजूची उंची १६४.५, त्याची दुप्पट ३२९, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिळवले की व्यास ७३५ मिलिमीटर. ३३ इंच म्हणजे ८३८. टायर १४ टक्के मोठा झाला. जुना रेशो ३.७३ धरला, तर त्याला १.१४ ने गुणून ४.२५ येतात, म्हणजे जवळचा सेट ४.२७. ताशी ८० किलोमीटरला सरळ एकास एक गिअरमध्ये इंजिन आधी सुमारे २१५० फेरे घेत होतं, मोठ्या टायरवर १८९० वर आलं, आणि ४.२७ टाकल्यावर पुन्हा २१६० च्या आसपास येतं. घाटात न ओढण्याचं कारण याच २६० फेऱ्यांत आहे.

बदलावंच का, तर टायर पाच-सात टक्क्यांनी मोठा असेल, तर हात लावू नये. दहाच्या पुढे विचार करावा. चौदाला, घाटात रोजची वर्दळ असेल, तर करावं. फक्त पावसाळ्यात चिखलात घालायची गाडी असेल आणि फोर-लो चालत असेल, तर थांबलं तरी चालेल. जास्तीचा आकडा मात्र घेऊ नये. क्राउनचा आकार तोच राहतो, म्हणून रेशो फार वाढवला की पिनियन लहान आणि नाजूक होतं.

आधी गाडीचा सध्याचा रेशो कागदावर न बघता मोजा. गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, फोर-व्हील काढलेली, हँडब्रेक सुटा, बाकीच्या चाकांना दगड. एक मागचं चाक जॅकवर उचला. ते हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. साध्या (लॉक नसलेल्या) डिफ्रेन्शिअलला पावणेचारच्या आसपास आले, तर ३.७३. एकच चाक उचललेलं असतं, दुसरं जागेवर थांबलेलं, म्हणून क्राउनच्या एका फेऱ्याला चाकाचे दोन फेरे.

फोर बाय फोरला पुढचं आणि मागचं, दोन्ही क्राउन-पिनियन एकाच रेशोचे लागतात. एकच बदलला, तर फोर-व्हील टाकल्यावर डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटू शकतो. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात, म्हणून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीच घालू नये.

बसवणं हे खरं कौशल्याचं काम. पिनियनची खोली शिमने (पातळ चकतीने) जुळवायची, क्राउनचा प्ले, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, डायल गेजने मोजायची, मॅन्युअलमधल्या आकड्याला धरून. दात्यांना मार्किंगचा रंग लावून ठसा बघायचा. तो दात्याच्या मध्यावर हवा, टोकावर नको. नवा बेअरिंग सेट आणि नवा क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली, आवळताना चेपणारी नळी) घालायचा, जुना परत नाही. ठसा चुकला की पहिल्या काही किलोमीटरांतच हौसिंग रडू लागतं: रेस देताना एक सूर, रेस सोडल्यावर दुसरा. सुरुवातीला तीस किलोमीटर शांत चालवून हौसिंग थंड होऊ द्यावं, पहिले आठशे किलोमीटर जड ओढू नये, मग तेल बदलावं.

टायर घातल्यापासून स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ वर असते, आणि ब्रेकवरचा भार क्राउन-पिनियनने कमी होत नाही. पण तो वेगळा विषय.

मिस्त्रींना जॉब कार्डावर असं लिहून द्या: ‘पुढच्या व मागच्या हौसिंगचे क्राउन-पिनियन, ४१/११ काढून ४७/११, नव्या बेअरिंगसह.’ दाते लिहिलेले असले की वाढवा आणि लो करा यातलं काहीच बोलावं लागत नाही.