प्लेटमध्ये बॅक्टेरिया मेले, पण कशाने?

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टसाठी ग्रीन टीमधलं ईजीसीजी आणि क्वेरसेटिन घेतलंय, दोन्ही नावाजलेली अँटिऑक्सिडंट्स. स्टॅफिलोकॉकसवर दोन्हीचा इफेक्ट चांगला दिसतोय, गाईड पण खूश आहेत. पण असे पेपर तर सारखे येतात आणि औषध मात्र एकही येत नाही, असं का? माझा रिझल्ट खरा धरू ना?

उत्तर : रिझल्ट खरा असेलही हो, पण तो कशाचा आहे ते आधी बघा. तुमची दोन्ही कंपाउंड्स पॉलिफेनॉल गटातली आहेत, आणि पॉलिफेनॉल कल्चर मीडियात, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात टाकलं की ते हवेतल्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्ट होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, ईजीसीजी तर यात फारच पुढे. म्हणजे तुम्ही अँटिऑक्सिडंट टेस्ट करताय असं समजताय आणि बॅक्टेरिया मरतायत पेरॉक्साइडने! आणि ते पेरॉक्साइड आपल्या रक्तात टिकणार नाही कारण तिथे कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम, भरपूर असतं. मग करायचं काय तर एका सेटमध्ये कॅटालेज घाला आणि परत रीडिंग घ्या. मारण्याची ताकद गेली तर समजायचं की तो गुण तुमच्या कंपाउंडचा नव्हताच, मीडियाचा होता. हा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला सेट) बऱ्याच पेपरांत सापडत नाही, माझी ही जुनी तक्रार आहे.

एमआयसीसाठी, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस काढायला, रेझाझुरिन हा डाय वापरत असाल तर अजून एक खड्डा आहे. जिवंत बॅक्टेरिया त्या डायला निळ्याचा गुलाबी करतात हे बरोबर, पण तुमचं अँटिऑक्सिडंट स्वतःच इलेक्ट्रॉन देणारं असतं, ते एकटं पण रंग बदलू शकतं, मग प्लेटच्या खळग्यातले, म्हणजे वेलमधले, सगळे बॅक्टेरिया मेलेले असले तरी तुम्ही जिवंत लिहून मोकळ्या. म्हणून बॅक्टेरिया न घालता फक्त मीडिया, कंपाउंड आणि डाय अशी एक रांग ठेवा, आणि शंका आली तर सरळ अगारवर पसरवून कॉलनी मोजा, वेळ जातो पण खोटं निघत नाही. डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल तर नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल लागेलच, ते तुम्हाला माहीत असणार.

आता औषध का येत नाही ते. डोसचा आकडा बघा. चालणाऱ्या अँटिबायोटिकची एमआयसी बऱ्याचदा मिलीलीटरला एक-दोन मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असते, या वनस्पतीजन्य कंपाउंड्सची शेकड्यात जाते, आणि चहा पिऊन रक्तात पोचणारं ईजीसीजी एका मायक्रोग्रॅमच्या पण खाली राहतं. क्षयरोगाच्या बॅक्टेरियाचं उदाहरण घ्या, 2013 मध्ये विल्यम जेकब्स यांच्या टीमने दाखवलं की व्हिटॅमिन सी त्यांना लॅबमध्ये मारतं, आणि गंमत म्हणजे ते मारतं ऑक्सिडंटसारखं वागून, लोहाला धरून हायड्रॉक्सिल रॅडिकल्स, म्हणजे पेशीची मोडतोड करणारे अतितीव्र ऑक्सिडंट, तयार करून. पण त्यासाठी 4 मिलीमोलर लागलं, आणि तोंडाने कितीही घेतलं तरी रक्तात 0.2 च्या आसपासच जातं. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या टेस्टमध्ये जांभळा रंग किती उतरला यावरून कुठलं कंपाउंड बॅक्टेरिया मारेल ते ठरत नाही, दोन वेगळे गुण आहेत ते.

मला स्वतःला एब्सेलेनमध्ये जास्त दम वाटतो. सेलेनियम असलेलं हे कंपाउंड आपल्या पेशीत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखं काम करतं म्हणून अँटिऑक्सिडंट, पण बॅक्टेरियातलं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे एन्झाइम बंद पाडतं, आणि स्टॅफसारख्यांकडे ग्लुटाथायोनची व्यवस्था नसल्याने त्यांना ते जड जातं. इथे निदान नेमकं टार्गेट तरी आहे. नुसतं अँटिऑक्सिडंट आहे म्हणून मारेल, यात टार्गेट कुठाय?

प्रश्न : अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर औषधाचा जोर वाढेल का?

उत्तर : वाढेल असं धरून चालू नका, उलटही होऊ शकतं. 2007 मध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या टीमने मांडलं की बॅक्टेरिया मारणारी अँटिबायोटिक्स त्यांच्या आत हायड्रॉक्सिल रॅडिकल्स तयार करून पण मारतात. 2013 मध्ये दोन टीमनी याला आक्षेप घेतला, की ऑक्सिजन नसताना पण ही औषधं मारतातच, आणि वाद बरीच वर्षं चालला. पण सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत ग्लुटाथायोन किंवा व्हिटॅमिन सी घातलं की ई. कोलाय जास्त वाचतात हे लॅबमध्ये दिसलेलं आहे. शिवाय आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर ऑक्सिडंटचाच मारा करतात, ज्यांच्यात जन्मजात तो मारा होत नाही त्यांना परत परत गंभीर इन्फेक्शन होतं, मग हा मारा आपणच विझवायचा का?

पेशंटवरची ट्रायल पण झालीय. सेप्सिससाठी शिरेतून व्हिटॅमिन सी देऊन बघितलं, 2022 च्या लोव्हिट ट्रायलमध्ये 872 आयसीयू पेशंट होते, मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं हे 28 व्या दिवशी व्हिटॅमिन सीवाल्यांत 44.5 टक्के आणि प्लासिबोवाल्यांत 38.5 टक्के निघालं. तेव्हा साधं जेवण, फळं बिनधास्त खा, गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

प्रश्न : मग क्रॅनबेरी? ती पण अँटिऑक्सिडंटच ना, युरिन इन्फेक्शनला चालते म्हणतात.

उत्तर : चालते, पण वेगळ्याच कारणाने. तिच्यातली प्रोअँथोसायनिडिन्स ई. कोलायला मारत नाहीत, मूत्रमार्गाच्या आतल्या थराला चिकटू देत नाहीत. 2023 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे आधीच्या ट्रायल्सच्या एकत्रित आढाव्यात, 50 अभ्यास बघितले, त्यात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत धोका साधारण चतुर्थांशाने कमी दिसला, संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांत फायदा दिसला नाही. आणि हे सगळं इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून, झालेलं बरं करायला नाही. जळजळ आणि ताप दोन्ही असतील तर ज्यूस बाजूला ठेवा, आधी लघवीचं कल्चर करून घ्या.